अक्षरी रुपये

देगलूर हें गांव तेलंगणाच्या शिवेला लागलेलें. बाजारांत मराठीबरोबर तेलुगूही सहज कानीं पडते. तेलुगूंत एकवीसाला ‘इरवै ओकटि’, म्हणजे वीस-एक, म्हणतात. गेल्या दिवाळींत आम्ही तेथें पुतण्याकडे गेलों होतों. तो एका पतसंस्थेच्या संगणकाचें काम पाहतो. कर्जाच्या वचनचिठ्ठीचा नमुना त्यानें घरीं छापून आणला. त्यावर आंकड्यांत 49,000 आणि अक्षरीं ‘चाळीस नऊ हजार’! थोरल्या वहिनींनीं चष्मा सावरून विचारिलें, “अरे, कर्ज चाळीस हजारांचें कीं नऊ हजारांचें?”

प्रश्न थट्टेचा नव्हे. वचनचिठ्ठी वा धनादेश यांवरील आंकडा व अक्षरें जुळत नसतील, तर 1881 च्या कायद्याच्या अठराव्या कलमान्वयें अक्षरी रक्कमच खरी धरतात.

हे अहवाल ‘जॅस्पर रिपोर्ट्‌स’ या जावा भाषेंतील साधनानें निघतात. 2001 सालीं तेओदोर दान्चू यांनीं त्याचा आरंभ केला. साधन मोठें गुणी. पण जावाचा नेहमींचा आंकडे मांडणारा वर्ग स्वल्पविराम सारख्याच अंतरानें देतो, म्हणून 12,34,567 चे 1,234,567 होतात. लाख-कोटी हवे असतील वा रक्कम मराठी अक्षरांत हवी असेल, तर फंक्शन स्वतःच लिहावें लागतें. पुतण्यानें दशक व एकक जोडून काम भागविलें होतें. मराठींत तें चालत नाहीं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ‘एकोण’, आणि पुढें एकदम नव्व्याण्णव! शंभरांच्या आंतील प्रत्येक शब्द वेगळाच लिहून ठेवावा लागतो. 2019 सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणितांत ‘वीस एक’ ही रीत आली, तेव्हां केवढा वाद झाला होता! मुलांना ती सोपी असेलही. वचनचिठ्ठीवर मात्र आम्हांस ती नको.

रात्रीं जागून त्यानें शब्दांचें कोष्टक केलें. पैशांचा हिशेब ‘डबल’मध्यें न ठेवतां ‘बिगडेसिमल’मध्यें घेतला, द्विमान पद्धतींत दहा पैशांचा अपूर्णांकदेखील नेमका मावत नाहीं. घरीं सर्व उत्तम छापलें. सकाळीं कार्यालयांत मात्र यंत्र म्हणालें, असा वर्गच सांपडत नाहीं.

आचाऱ्यानें यादींत मसाल्याचें नांव लिहावें आणि डबा घरींच राहावा, तसें झालें होतें. अहवालांत फंक्शनाचें केवळ नांव असतें. प्रत्यक्ष कृति वेगळ्या ‘जार’ संचिकेंत असते. अहवाल संकलित होतांना ती लागतेच, आणि तो भरतांनाही लागते. घरच्या आरेखन-साधनाला तिची वाट ठाऊक होती, सर्व्हरवरील जावाला नव्हती. म्हणून ती तेथील अनुप्रयोगाच्या ‘वेब-इन्फ’मधील ‘लिब’ कप्प्यांत ठेविली आणि अनुप्रयोग पुन्हा सुरू केला.

तरी नन्नाच! आतां तक्रार निराळी होती. घरचें संकलन जावाच्या अकराव्या आवृत्तींत, कार्यालयांत आठवी. नव्या आवृत्तीचा वर्ग जुनी आवृत्ति वाचीत नाहीं. हा दोष उमगण्यांत दुपार गेली. आठवीसाठीं पुन्हा संकलन करण्यास मिनिटही लागलें नाहीं.

संध्याकाळीं नवा कागद आला. वहिनींनीं तो दिव्यापाशीं धरून मोठ्यानें वाचला, “एकोणपन्नास हजार रुपये फक्त,” आणि मग पुतण्याला जेवावयास वाढलें.