आपली हस्तलिखिते आणि मागणीनुसार छपाई

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या नियोजित अध्यक्षीय भाषणातील काही भाग गाळावा, असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी तो मानला नाही. परिषद झाली नाही आणि ते न झालेले भाषण त्यांनी स्वतःच मुंबईत पुस्तकरूपाने काढले. पंधराशे प्रतींची ती इंग्रजी आवृत्ती दोन महिन्यांत संपली. आपले लेखन कोणाच्या हातून छापले जाते, हा प्रश्न आपल्याकडे केवळ यंत्राचा कधीच नव्हता.

आज दहिसरच्या केतकीपाड्यात किंवा रावळपाड्यात राहून आत्मकथन लिहिणाऱ्यापुढे वेगळी अडचण असते. ऑफसेट छपाईत प्लेटचा आणि यंत्र लावण्याचा खर्च एकदाच होतो, म्हणून पाचशे-हजार प्रती एकदम काढाव्या लागतात. त्यासाठी पतपेढीचे कर्ज, आणि मग दहा बाय बाराच्या खोलीत खाटेखाली पावसाळी दमट हवा खाणारे गठ्ठे! मागणीनुसार छपाईत, म्हणजे प्रिंट ऑन डिमांडमध्ये, प्लेट नसते. मागणी आली की संगणकातील फाइलवरून तेवढीच प्रत निघते. मात्र दर प्रतीचा खर्च जास्त पडतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर स्टॉल लावायचा असेल तर आजही ऑफसेटच परवडते. वर्षभरात नांदेडचा एखादा विद्यार्थी एक प्रत मागतो, त्याच्यासाठी ही दुसरी वाट आहे.

या वाटेवर शेवटच्या क्षणी चूक दाखवणारा जुळारी भेटत नाही. फाइलमध्ये जे असेल तेच छापले जाते.

पहिला अडथळा अक्षरांचा. आपल्या अनेक कार्यकर्त्यांचा मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये पडून आहे. तो युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व इकार शेजारच्या अक्षरावर जातो, रफार सरकतो, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र मोडतो. रूपांतर झाल्यावर मूळ प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचणे, याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस ‘पानी’चे ‘पाणी’ करतो, ‘व्हतं’चे ‘होतं’ करतो. प्रस्थापित संपादकांनी आपल्या बोलीला लावलेली कात्री आता यंत्राच्या हातात आली आहे, एवढाच फरक. आपोआप दुरुस्तीची सोय प्रथम बंद करावी, आणि पानरचना दुसऱ्याकडे दिली असेल तर बोलीतले शब्द बदलायचे नाहीत, असे लेखी सांगावे.

पानरचनेला महागडे सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. लिबरऑफिस फुकट मिळते; मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ हा मुंबईतच घडलेला फॉन्टही मिळतो. कागदाचा आकार आधी ठरवावा, डेमी असो वा ए-५, आणि मगच मजकूर ओतावा. नंतर आकार बदलला की सगळी पाने हलतात. बांधणीकडचा समास बाहेरच्यापेक्षा मोठा हवा, नाहीतर शब्द शिवणीत गडप होतात. फाइल पीडीएफ करताना फॉन्ट तिच्यातच अंतर्भूत झाला पाहिजे, एरवी छापखान्याच्या यंत्रावर जोडाक्षरे फुटतात.

मुखपृष्ठाची फाइल वेगळी. मागची बाजू, कणा आणि पुढची बाजू एकाच पानावर येतात, आणि कापणीसाठी कडेने तीन मिलिमीटर रंग जादा सोडतात. कण्याची जाडी कागदावर ठरते. ८० जीएसएमच्या पानाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर धरली, तर १६० पृष्ठांचा, म्हणजे ८० पानांचा, कणा ८ मिलिमीटर येतो; नेमका आकडा छापणाऱ्याकडून घ्यावा. मोर्चाचे जुने छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवू नये, तेथे त्याचा बारकावा गळतो. छापायच्या आकारात ३०० डीपीआय मिळेल असे ते स्कॅन करावे.

आयएसबीएन क्रमांक नवी दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी विनामूल्य देते, लेखकालाही देते. छापणारी कंपनी आपला क्रमांक देऊ करते तेव्हा नोंदीत प्रकाशक कोण राहील, हे विचारून घ्यावे. करारात हक्क फक्त तिलाच दिल्याचे कलम असेल तर सही करू नये. मूळ फाइल स्वतःजवळ दोन ठिकाणी ठेवावी.

विक्री सुरू करण्यापूर्वी एकच प्रत मागवून, हातात पेन घेऊन वाचावी. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर १९५४ च्या कायद्यानुसार तीस दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील ठरलेली ग्रंथालये यांना प्रत पाठवायची असते. तो खर्च प्रकाशकाचा, म्हणजे येथे आपलाच. किमतीचे गणित मांडताना या चार प्रती धरून चालाव्यात.