पंखाचा निरोप कोण नेतं?

मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या विणकराला कोशावरचा धागा हवा असतो. आतल्या जीवाचं काय, हा प्रश्न बीजकोश राखणाऱ्या ढिवर समाजाचा. ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर पोसलेली टसरची अळी कोश विणते आणि आत उन्हाळाभर निपचित पडून राहते. पावसाळ्याच्या तोंडाशी बाहेर येतो तो पंखवाला पतंग.

हे पंख ऐनवेळी उगवत नाहीत. अळीच्या कातडीखालीच पेशींच्या चिमुकल्या चकत्या असतात, त्यांचे पंख होतात. ‘आता उठा’ हा हुकूम संप्रेरकं अंगभर पोचवतात. पण पंखाची कड कुठे आणि मध्य कुठे, हे पेशीला शेजारणीकडूनच कळतं.

शेजारणीच्या या निरोपाचा माग लागला फळमाशीत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतले आर. पी. शर्मा यांनी १९७३ साली बिनपंखी माशीची नोंद केली. बिघडलेल्या जनुकाचं नाव ‘विंगलेस’. त्याचं प्रथिन हाच शेजारणींना जाणारा निरोप. पतंग-फुलपाखरांच्या पंखांच्या कडेलाही याच कुळातली प्रथिनं राबतात.

प्रथिन पाझरत जाईल, लांबवर विरळ होईल, आणि त्या दाटपणावरून पेशी आपली जागा ओळखेल, असा सोपा हिशेब होता. पण या प्रथिनाला चरबीची शेपटी निघाली. रश्शावरच्या तर्रीसारखं ते पाण्यात मिसळेचना! मग कधी दुसरी प्रथिनं ती शेपटी झाकून त्याला नेतात, कधी पेशी त्याला इवल्या पुटकुळ्यांत भरून सोडते. १९९९ साली कॅलिफोर्नियात थॉमस कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेला तर पंखाच्या चकतीतल्या पेशींनी बाहेर काढलेले अतिसूक्ष्म धागे दिसले. म्हणजे निरोपासाठी पेशी स्वतःच हात लांब करते.

खरी गंमत २०१४ ची. लंडनमध्ये ज्याँ-पॉल व्हिन्सेंट यांच्या गटाने हे प्रथिन पेशीच्या पडद्यालाच जखडून टाकलं. माश्या उशिरा वाढल्या, पण पंख जवळजवळ नेहमीसारखे! लहानपणी चकतीतल्या बऱ्याच पेशी ते स्वतःच बनवतात आणि त्यांच्या लेकी ती आठवण जपतात, असा त्यावरचा खुलासा. मला तो पटतो, पण पाझरण्याची बाजू घेणारे अजून हटलेले नाहीत.

२०१६ साली नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाला उंदराच्या आतड्याच्या पेशींत तिसरीच तऱ्हा दिसली: याच कुळातलं प्रथिन पडद्याला चिकटून बसतं, आणि पेशी दुभंगत पुढे सरकते तसतसं लेकींत वाटलं जाऊन विरळ होतं.