घर पाहावं घेऊन – लेखांक ९ : सही दुसऱ्याची

मागच्या लेखांकात पागडीचा हिशेब मांडला, तर ओळखीतल्या दोघातिघांनी जवळजवळ एकच वाक्य ऐकवलं : "पागडीचं राहू द्या हो, त्या बीडीडीवाल्यांचं लिहा. फुकटात करोडपती झाले." 'फुकटात' हा शब्द सगळ्यांनी जरा दाबून उच्चारला. त्यांच्यापैकी एकाचा हप्ता डोंबिवलीच्या घराचा चालू आहे, एकाचा विरारच्या. त्यामुळे दाबण्यामागचं दुखणं कळलं. तेव्हा या आठवड्यात वरळी.

१४ ऑगस्ट २०२५ ला माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची होती, संडास मजल्यावर सामायिक. नवं घर ५०० चौरस फुटांचं, चाळीस मजली इमारतीत आणि मालकी हक्काचं. भूमिपूजन २०१७ मध्ये एकदा झालं होतं, २०२१ मध्ये दुसऱ्यांदा झालं, त्यामुळे चावी हातात पडेपर्यंत कित्येकांचा विश्वास बसत नव्हता. रहिवाशानं बांधकामाचे पैसे द्यायचे नाहीत, हे मात्र खरं. मग ते दिले कुणी?

त्यासाठी शंभर वर्षं मागं जायला हवं, कारण हा प्रश्न या चाळींना पहिल्यांदा पडलेला नाही. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' हे खातं काढलं. त्याच्या आद्याक्षरांवरून बीडीडी. या खात्याकडे दोन मोठी कामं होती : बॅकबेचा समुद्र हटवून जमीन काढायची आणि कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या. पैसा उभा राहिला तो सरकारनं काढलेल्या विकास कर्जातून. शिवाय मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया नगरशुल्क बसवलं. थोडक्यात, कामगाराची खोली कापसावरच्या करातून आणि सरकारी रोख्यांतून बांधली गेली. रोखे घेणारे पैसेवाले होते, सही सरकारची होती आणि कामगार भाडेकरू.

हिशेब तेव्हाही चुकलाच. ५० हजारांचा आकडा कधीच गाठला गेला नाही. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, ३२ आणि शिवडीत १२, अशा २०७ चाळी झाल्या. प्रत्येक चाळीत तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या. बांधून झाल्यावर वरळीतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्याच पडून राहिल्या. गिरण्या परळ-लालबागला, वरळी तेव्हा आडबाजूला, आणि कर्जाचं व्याज भरून निघेल असं भाडं गिरणीकामगाराला झेपत नव्हतं. सरकारला भाडं तोट्यात ठेवावं लागलं. सविनय कायदेभंगाच्या काळात तर वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला होता. ज्या घरांसाठी आज पात्रतेच्या कट-ऑफ तारखांवरून भांडणं होतात, त्यांत राहायला एकेकाळी माणसं मिळत नव्हती.

व्याजाचा दर ही त्या काळातली खरी गोष्ट. १९३१ च्या रॉयल कमिशन ऑन लेबरच्या अहवालात म्हटलंय की बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोनतृतीयांश तरी कामगार कर्जात आहेत आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त आहे. सावकाराचा सर्रास दर रुपयाला महिना आणा. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. बारा महिन्यांचे बारा आणे, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर काठी घेऊन उभा राहणारा पठाण हा त्या दराचा वसुली विभाग. आजच्या गृहकर्जाच्या दरावर कुरकुरताना हा आकडा शेजारी ठेवून पाहावा. त्यानं दिलासा मिळत नाही, पण अंदाज येतो.

एक गोष्ट मात्र तेव्हाच्या कामगाराला करता येत नव्हती. खोली गहाण टाकता येत नव्हती. ती त्याची नव्हतीच, सरकारची होती. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, भांडी पडली, गावचं शेत तर आधीच पडलेलं असायचं. ते सोडवायला म्हणून तर तो सातारा-रत्नागिरीहून मुंबईला आलेला, आणि मनिऑर्डरीतले निम्मे पैसे त्यातच जायचे. खोली तेवढी शाबूत राहिली. भाडेपावत्यांची पुडकी ट्रंकेत, पत्रिकांच्या आणि रेशनकार्डाच्या जोडीनं.

'गहाण' या शब्दाची आपल्याला जी भीती आहे, ती गावाकडून आलेली आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली ती मुख्यतः कर्जाची खतं आणि रोखे हस्तगत करून जाळायला. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात नोंदले गेले, आणि १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. त्याच्याही सव्वादोनशे वर्षं आधीचे देहूचे तुकोबा. घरात पिढीजात वाणीपणा आणि सावकारी. दुष्काळात दिवाळं निघालं. पुढे त्यांनी खतांची वाटणी केली, धाकट्या कान्होबांच्या वाट्याची त्यांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आहे. मला त्या कथेतली वाटणी फार आवडते. स्वतःचं येणं सोडून देता येतं, भावाचं नाही. पैशाकडे पाहण्याची मराठी घरांतली जुनी रीत याच दोन प्रसंगांच्या मध्ये कुठेतरी आहे : श्रीमंतीचा राग येतो तो बहुतेकदा कर्ज देणाऱ्याच्या श्रीमंतीचा, आणि कर्ज घेणं ही गोष्ट चारचौघांत सांगायची नसते.

ती रीत कधी बदलली? १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एचडीएफसी काढली. त्यांचंही लहानपण चाळीत गेलेलं. तोवर पगारदार माणूस घर घ्यायचा ते निवृत्तीच्या वेळी, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या पैशातून. म्हणजे घरात राहायची हौस सरल्यावर. घरासाठी तिशीत कर्ज मिळतं आणि ते साठीपर्यंत फेडायचं असतं, ही कल्पना नवी होती. आज तिला कुणी कल्पना म्हणत नाही. लग्नाच्या बोलण्यांत "होम लोन चालूये" हे मुलाच्या बाजूनं सांगितलं जातं, तेही अभिमानानं.

आता आकडे. वरळीत ५०० चौरस फुटांचं नवं घर विकत घ्यायचं आहे असं समजू. भाव चौरस फुटाला ४० हजार धरू. वरळीची माहिती असणारे हसतील, कारण हा कमीच आहे. घर झालं दोन कोटींचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ७५ लाखांवरच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के रक्कम मिळते. म्हणजे कर्ज दीड कोटी, आणि पन्नास लाख खिशातले. त्यावर सहा टक्के मुद्रांक शुल्क, बारा लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी दीड कोटीचा हप्ता येतो महिना १ लाख ३० हजार १७३ रुपये. पहिल्या महिन्यात यातले १ लाख ६ हजार २५० व्याजात जातात. मुद्दल फिटतं २४ हजारांहून कमी. हप्त्यात मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला जवळजवळ बारा वर्षं लागतात. दहा वर्षं नेमानं भरल्यावरही १ कोटी ५ लाख बाकी दिसतात, आणि पुष्कळांना तो बँकेचा घोटाळा वाटतो. घोटाळा नाही, बाकी मुद्दलावरच्या व्याजाचं गणित आहे. वीस वर्षांत एकूण भरणा ३ कोटी १२ लाखांचा. पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता चालतो म्हटलं, तरी हातात येणारा पगार दोन लाख साठ हजार हवा.

दर बदलता असेल तर आणखी एक वळण. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. ज्यानं त्याआधी सात टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज घेतलं होतं, त्याचा हप्ता लाखामागे ७७५ रुपये. दर साडेनऊ झाला की लाखामागे नुसतं व्याजच होतं ७९१ रुपये. हप्ता तोच ठेवला तर कर्ज फिटण्याऐवजी वाढतं. बँका मुदत वाढवत होत्या, आणि माणूस ६८ व्या वर्षापर्यंत कर्जदार होतोय हे त्याला ॲपवर कळत होतं. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की स्थिर दराकडे जायचं, हे कर्जदाराला विचारा.

हे सगळं वरळीच्या लेखात का? कारण बीडीडीचं नवं घर याच हप्त्यांतून बांधलं जातंय. जमीन सरकारची. म्हाडा तिच्यावर रहिवाशांच्या इमारती उभ्या करते आणि उरलेल्या जागेवर विक्रीची घरं. विक्रीच्या घरांचा पैसा पुनर्वसनाचा खर्च भरून काढणार, असा हिशेब आहे. ते विक्रीचं घर जो कुणी घेईल, तो एक लाख तीस हजारांचा नाहीतर त्याहून मोठा हप्ता भरेल, आणि त्याच्या किमतीत शेजारच्या टॉवरमधल्या ५०० फुटांचा खर्च मिसळलेला असेल. १९२० मध्ये कापसाच्या गासडीनं जे केलं, ते आता त्याचं गृहकर्ज करणार. कर्ज दोन्ही वेळा आहेच. चाळकऱ्याची सही मात्र दोन्ही वेळा नाही.

मग माझ्या डोंबिवलीच्या मित्राचा राग बरोबर का? मला तसं वाटत नाही. ज्या जमिनीवर आज चाळीस मजले परवडतात, ती जमीन महाग झाली तेव्हा हीच माणसं तिच्यावर चार-चार पिढ्या, एका खोलीत आठ-आठ जण, गॅलरीत झोपून राहत होती. ती हलली नाहीत म्हणून त्यांना घर मिळालं. माझा मित्र हलला. त्याच्या वडिलांनी लालबागची खोली सोडली आणि जास्त जागा घेतली, तेव्हा सगळ्यांनी त्यांना शहाणं म्हटलं होतं.

याच चाळींत हिशेबाची तिसरी तऱ्हाही आहे. काही खोल्या पोलिसांना सेवानिवासस्थान म्हणून दिलेल्या. त्या कुटुंबांना घर फुकट नाही. आधी किंमत ५० लाख सांगितली, मग २५, शेवटी १५ लाख. पंधरा लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी १३ हजार १७ रुपये होतो. शेजारच्या खोलीला शून्य, पोलिसाला तेरा हजार, विक्रीच्या घराला एक लाख तीस हजार, जमीन एकच. कुणी कुणाकडे कसं पाहायचं?

आता ज्याला शून्य हप्ता आहे त्याच्याकडे येऊ, कारण खरी गंमत त्याच्याच घरी सुरू होते. त्याच्याकडे पहिल्यांदाच असं घर आलं आहे जे तारण ठेवता येतं. ५०० फुटांचं घर दोन कोटींचं असलं तरी बँक त्यावर दीड कोटी देत नाही. महिन्याची कमाई पंचवीस हजार असेल तर त्या मानानं देते. उरलेल्यासाठी दुसरे सावकार असतात, दर जास्त, कागद कमी. धंद्याला, लग्नाला, मुलाच्या परदेशी शिक्षणाला. हप्ते थकले आणि खातं ९० दिवसांनी अनुत्पादक ठरलं, की २००२ च्या सरफेसी कायद्यानं साठ दिवसांची नोटीस आणि मग कोर्टात न जाता ताबा. आजोबांची खोली कुठलाही पठाण नेऊ शकला नव्हता.

आणि भावकी. भाड्याची खोली होती तोवर पावती थोरल्याच्या नावावर, आणि नालासोपाऱ्याला गेलेल्या धाकट्याला किंवा लग्न होऊन गेलेल्या बहिणीला त्याचं काही वाटत नसे. गणपतीला सगळे तिथंच जमायचे, तेवढं पुरे होतं. आता त्याच पावतीच्या जोरावर दोन कोटींचं घर आलंय. बहिणीचा हक्क कायद्यात किती बसतो हे वकील पाहतील. तिनं विचारलं याचाच घरात धक्का बसतो. वरळीत एका काकांना मी विचारलं, घर कसं वाटतंय. म्हणाले, "घर झकास आहे. पण यंदा गणपतीला ताई आली नाय."

इमारतींची बारा वर्षं देखभाल करायची जबाबदारी म्हाडानं घेतली आहे. तेराव्या वर्षी लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा आणि पाण्याचं बिल सोसायटीच्या गळ्यात येईल. चाळीस मजल्यांच्या मेंटेनन्सचं बिल कसं बनतं, ते पुढच्या लेखांकात.