विश्लेषण : बिबट्याचे चित्रपुस्तक लहान मुलांना कसे दाखवावे?

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या ऊसपट्ट्यात बिबट्या हा नुसता पुस्तकातला प्राणी नाही. तो उसात राहतो, रात्री वस्तीजवळून जातो, कुत्री-शेळ्या उचलतो. जिल्ह्यात लहान मुलांचे जीवही त्याने घेतले आहेत. त्यामुळे इथल्या तीन-चार वर्षांच्या मुलासमोर बिबट्याचे चित्रपुस्तक उघडणे म्हणजे हत्ती-जिराफाचे पुस्तक उघडणे नव्हे.

भीती आधीच असताना पुस्तक कशाला?

बिबट्या मुलाच्या कानावर रोजच पडतो. ओट्यावरच्या गप्पा, मोबाइलवरचे व्हिडीओ आणि ‘गप झोप, नाहीतर बिबट्या येईल’ ही धमकी. यातले काहीच मुलाला प्रश्न विचारू देत नाही. व्हिडीओ पुढे सरकतो. पान मात्र थांबते आणि नको वाटले तर मिटताही येते. आजीच्या मांडीवर बसून या प्राण्याकडे हवा तितका वेळ पाहता येणे, हा चित्रपुस्तकाचा खरा उपयोग. तेवढी ती झोपवण्याची धमकी मात्र बंद करावी लागते. दोन्ही एका घरात चालत नाहीत.

वाचायचे की विचारायचे?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांबरोबर एक महिन्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. पालकांनी सरळ वाचत जाण्याऐवजी मोकळे प्रश्न विचारले आणि मुलाच्या उत्तरात थोडी भर घातली, तेव्हा मुलांची बोली भाषा इतरांपेक्षा पुढे गेली. करायला हे सोपे आहे. ‘तो कुठे निघालाय?’ मूल म्हणते, ‘कुत्रा.’ मोठ्याने म्हणावे, ‘हो, अंगणात बांधलेला कुत्रा. मग त्याला रात्री कुठे ठेवायचं?’ मजकूर राहून गेला तरी बिघडत नाही.

मूल ‘वाघ’ म्हणाले तर?

चुकले असे म्हणू नये. अकोल्याच्या डोंगरी भागात बिबट्याही वाघच. आदिवासी गावांत दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते, वाघोबाला नैवेद्य दाखवला जातो. ‘आपण यालाही वाघ म्हणतो. आता याच्या अंगावर काय आहे ते बघ,’ एवढे पुरे. पट्टेरी वाघाला पट्टे, बिबट्याला काळ्या पाकळ्यांच्या फुलासारखे ठिपके. दोन बिबट्यांचे ठिपके कधीच सारखे नसतात. याच खुणेवरून विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात कॅमेऱ्याने टिपलेले बिबटे ओळखले. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहणाऱ्या त्या शेतीच्या मुलखात, १०० चौरस किलोमीटरमागे साधारण पाच प्रौढ बिबटे असल्याचा त्यांचा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाला हा आकडा नको. ठिपके मोजायला मात्र ते तासभर बसेल.

बछड्यांच्या पानावर का थांबावे?

कारण बछडे गोंडस दिसतात आणि मुलाला ते उचलून घ्यावेसे वाटतात. ऊसतोड सुरू झाली की फडात खरेच बछडे सापडतात. आई जवळपासच असते. वन विभाग बछडे सांजेला त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतो आणि बहुतेकदा मादी रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. मुलांना गोष्ट म्हणून हे फार आवडते. सोबत नियमही सांगून टाकावा : हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची. मोठ्यांनी १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर फोन करायचा. अंधार पडल्यावर एकट्याने अंगणाबाहेर जायचे नाही, शौचालाही नाही, हे याच पानावर बोलता येते. ‘बिबट्या वाईट असतो का?’ असा प्रश्न आला तर घाईने ‘नाही’ म्हणू नये. ज्या वस्तीत घटना घडली आहे तिथल्या मुलाला ते खोटे वाटेल. ‘तो भूक लागली की शिकार करतो, म्हणून आपण जपून राहतो’ हे उत्तर त्याला पटते. मूल पान उलटू देत नसेल किंवा रात्री दचकत असेल, तर पुस्तक काही दिवस कपाटात ठेवावे.

पुस्तके कुठे मिळतील?

प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रपुस्तके मोफत वाचता आणि उतरवून छापता येतात. अंगणवाडीत रंगीत छपाई परवडत नसेल, तर काळ्या-पांढऱ्या पानावर बिबट्याचा पिवळा रंग भरण्याचे काम मुलांकडे द्यावे.