बायोडाट्यातला ‘वर्ण’ आणि आपला न्यूनगंड

वधू-वर परिचय मेळाव्यातले बायोडाटे चाळून पाहा. शिक्षण, नोकरी, पगार यांच्या शेजारी अनेकदा ‘वर्ण’ हा रकाना असतो. गोरा, निमगोरा, गव्हाळ हे शब्द त्यात वारंवार दिसतात. ‘काळा’ सहसा कोणी लिहीत नाही. सावळ्या मुलीच्या बायोडाट्यातही घरचेच ‘गव्हाळ’ लिहून टाकतात. मुलगी काही बोलत नाही, पण आपल्यात लपवण्यासारखे काहीतरी आहे हे तिच्या मनात पक्के बसते.

त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे ठरतो. ते उन्हातल्या अतिनील किरणांपासून शरीराचे रक्षण करते. त्याचा बुद्धीशी, स्वभावाशी, कर्तृत्वाशी काही संबंध नाही. मग गोरेपणाला एवढी किंमत कुठून आली? उन्हात राबणारा काळा आणि सावलीत बसून खाणारा गोरा, अशी सांगड आपल्याकडे घातली गेली. रंगाला वर्ग चिकटला आणि जातही चिकटली. ‘तू त्यांच्यातली वाटत नाहीस’ हे वाक्य आपल्या अनेक मुलींनी कॉलेजात, ऑफिसात ऐकले असेल. बोलणाऱ्याला ते कौतुक वाटते. प्रत्यक्षात तो आपल्या सगळ्या समाजाचा अपमान असतो.

न्यूनगंडाचा धंदा

या न्यूनगंडावर बाजार उभा राहिला. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. गोरी झाली की नोकरी आणि नवरा दोन्ही मिळतात, हे तिच्या जाहिरातींनी वर्षानुवर्षे शिकवले. २००५ साली पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ आली. बायकांची क्रीम चोरून लावण्यापेक्षा स्वतःची वापरा, असा तिच्या जाहिरातीचा सूर होता. म्हणजे पुरुषाला एकाच वेळी दोन भीती दाखवल्या: काळा राहण्याची आणि बायकी ठरण्याची.

२०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने सावळ्या व्यक्तीला दुःखी किंवा अपयशी दाखवू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०२० मध्ये कंपनीने ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ हा शब्द घेतला. त्याच वर्षी एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने त्वचेच्या रंगाचा पर्याय हटवला. नाव बदलले, पर्याय गेला, पण घरातला रकाना अजून तसाच आहे.

मुलीचे आणि मुलाचे दुखणे

मुलीचे रूप आधी पाहिले जाते आणि गुण नंतर. म्हणून शिकलेली, कमावती मुलगीही आरशासमोर खचते. मुलाकडून उंची, दाट केस, भरलेली छाती आणि जाडजूड पगार यांची अपेक्षा असते. ‘बुटक्या’, ‘टकल्या’, ‘काडी पैलवान’ म्हणून मित्र हसतात, तोही हसतो आणि आतून मिटत जातो. पुरुषाने असले दुःख बोलायचे नसते, हेही त्याला लहानपणीच शिकवलेले असते.

मग शरीरावर प्रयोग सुरू होतात. डॉक्टरला न विचारता लावलेल्या स्टेरॉइडयुक्त क्रीममुळे त्वचा पातळ पडते, लाल होते, चेहऱ्यावर केस येतात. झटपट शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या स्टेरॉइड इंजेक्शनांमुळे शरीरातली नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनची निर्मिती मंदावते, शुक्राणू घटतात.

तुलनेचा सापळा

मोजायला ठोस माप नसते, तेव्हा माणूस स्वतःला इतरांशी ताडून पाहतो, असे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले. पूर्वी ही तुलना गल्लीपुरती होती. आज मोबाइलवर फिल्टर लावलेले शेकडो चेहरे रोज समोर येतात. खोट्या चेहऱ्याशी तुलना केल्यावर खरा चेहरा हरणारच.

बुद्धाने ‘मान’ या मनोविकाराचे तीन प्रकार सांगितले: मी श्रेष्ठ, मी समान आणि मी हीन. म्हणजे स्वतःला कमी लेखणे ही नम्रता नव्हे. गर्व ज्या तुलनेतून येतो, तिचीच ती दुसरी बाजू आहे.

याचा अर्थ नीटनेटके राहू नये असा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी आपल्या आया-बहिणींना स्वच्छ राहायला आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत व दागिने सोडायला सांगितले. कोणाच्या नजरेत भरण्यासाठी ते नव्हते. लादलेली खूण पुसण्यासाठी होते. कपडे निवडताना, क्रीम घेताना हा फरक तपासावा: हे माझ्या स्वाभिमानासाठी आहे, की मला हीन ठरवणाऱ्याची मर्जी राखण्यासाठी?

सुरुवात आपल्यापासून

मेळावे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनी छापील अर्जातून ‘वर्ण’ हा रकाना काढून टाकावा. त्याला खर्च येत नाही. बाळंतिणीच्या खोलीत ‘बाळ कोणावर गेलंय, रंग कसा आहे’ हे विचारणे थांबवावे. विहारातल्या युवक शिबिरांत मुलांनाही या विषयावर बोलू द्यावे. आणि मित्राला रंगावरून, उंचीवरून चिडवताना कोणी दिसले, तर आपण तरी हसू नये.

जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याविरुद्ध आपण लढतो. कातडीचा रंगही जन्मानेच मिळतो.