सागरी पेप्टाइडे आणि त्वचेवरील डाग

उतारवयात हातांच्या पाठीवर, गालांवर व कपाळावर तपकिरी डाग उमटतात. बहुधा वर्षानुवर्षे सोसलेल्या उन्हाची ती खूण असते. त्वचेतील रंगपेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात. त्या प्रक्रियेची किल्ली म्हणजे टायरोसिनेज हे विकर. त्याचे कार्य तांब्याच्या अणूंवर अवलंबून असते.

माशांची त्वचा व खवले, जेलीफिश, समुद्रकाकडी यांतील प्रथिनांचे विघटन केले की अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, म्हणजेच पेप्टाइडे, मिळतात. त्यांपैकी काही प्रयोगशाळेत टायरोसिनेजला रोखतात, तर काही पेशींमधील ऑक्सिडीकरणाचा ताण कमी करतात. मात्र हे पुरावे प्रामुख्याने पेशींवरील व प्राण्यांवरील प्रयोगांचे आहेत. त्वचेचा बाह्य थर ओलांडून रंगपेशींपर्यंत पोहोचणे पेप्टाइडांना सोपे नसते. म्हणून केवळ ‘सागरी’ हा शब्द वाचून महागडी मलमे घेऊ नयेत. मासळीची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विशेष जपावे.

डाग घालवण्यापूर्वी तो कशाचा आहे, हे जाणून घेणे अगत्याचे. मानेवरील मखमली काळेपणा मधुमेहाची, तर घोट्याभोवतीचा तपकिरीपणा शिरांच्या विकाराची सूचना असू शकतो. एखादा डाग वाढू लागला, त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या, रंग बदलला किंवा त्यातून रक्त आले, तर त्वचारोगतज्ज्ञांना त्वरित दाखवावे. तो कर्करोगही असू शकतो. ज्येष्ठांना स्नान घालताना पाठ व तळपायही पाहावेत. तेथील डाग त्यांना स्वतःला दिसत नाहीत.

नवे डाग टाळण्यासाठी छत्री, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन हेच आजचे भरवशाचे उपाय होत.