एक सेट की वीस सेट?

आमच्या नागपुरातल्या एका वस्तीत विहारामागच्या खोलीत पोरांनी वर्गणी काढून जिम थाटली आहे. दोन बेंच, गंजलेल्या प्लेटा, एक आरसा आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. आरोग्य तपासणीसाठी आम्ही तिथे गेलो तेव्हा वाद रंगला होता. एक गट छातीचे वीस-वीस सेट मारणारा, दोन दोन तास घाम गाळणारा. दुसऱ्या गटाने मोबाईलवर माईक मेंट्झरचे व्हिडिओ पाहिलेले. त्यांचं म्हणणं, एका व्यायामाचा एकच सेट मारायचा, पण वजन उचलणं अशक्य होईपर्यंत. पोरं त्याला ‘फेल्युअर’ म्हणतात. मग चार-पाच दिवस पूर्ण आराम. ‘‘सिस्टर, तुम्हीच सांगा, खरं कोणाचं?’’

हा वाद पन्नास वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत नॉटिलस नावाची व्यायामयंत्रे बनवणाऱ्या आर्थर जोन्सने थोडाच पण जबर व्यायाम करा, असा प्रचार केला. १९७३ मध्ये कोलोरॅडोत त्याने केसी व्हिएटर या शरीरसौष्ठवपटूवर प्रयोग केला आणि २८ दिवसांत ६३ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो स्नायू वाढल्याचा दावा केला. पण व्हिएटर आधीच कसलेला गडी होता, अपघात आणि आजारपणात त्याचं शरीर उतरलं होतं. गेलेलं अंग परत भरतं ते नव्याने कमावण्यापेक्षा कितीतरी लवकर. शिवाय प्रयोग करणारा आणि यंत्र विकणारा माणूस एकच.

मेंट्झर जोन्सच्याच वाटेने गेला. १९७८ मध्ये त्याने मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत पैकीच्या पैकी गुण मिळवले. पुढे इंग्लंडच्या डोरियन येट्सने थोड्या सेटांच्या पद्धतीने १९९२ ते १९९७ अशी सहा वर्षे मिस्टर ऑलिम्पिया जिंकली. उलट बाजूला अर्नोल्ड श्वार्झनेगर. ढीगभर सेट मारून तो सात वेळा मिस्टर ऑलिम्पिया झाला. दोन्ही वाटांनी माणसं शिखरावर पोहोचली आणि तिघांनीही स्टेरॉइड घेतल्याचं पुढे कबूल केलं. म्हणून चॅम्पियनचा फोटो दाखवून हा वाद मिटत नाही. गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असं तथागतांनी कालामांना सांगितलं. ते जिमच्या गुरूलाही लागू आहे.

मग पारखायचं कसं? ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १५ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र मांडले. एका स्नायूला आठवड्याला पाचपेक्षा कमी सेट मिळाले तेव्हा वाढ सरासरी ५.४ टक्के, पाच ते नऊ सेटांना ६.६ आणि दहा किंवा अधिक सेटांना ९.८ टक्के. म्हणजे जास्त सेटवाल्यांची बाजू वरचढ खरी, पण अगदी थोड्या सेटांनीही अंग भरतं. आणखी एक गोष्ट अभ्यासांतून दिसते. प्रत्येक सेट फेल्युअरपर्यंत नेण्याची गरज नाही. अंगात एक-दोन उचल शिल्लक असताना थांबलं तरी ताकद जवळपास तेवढीच वाढते.

आमचं मत विचाराल तर, कळमन्याच्या बाजारात दिवसभर पोती उचलणाऱ्या किंवा दहा-बारा तास डिलिव्हरीची गाडी चालवणाऱ्या पोराला वीस सेटांचा सल्ला देणं हा शहाणपणा नाही. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक व्यायामाचे दोन-तीन सेट, अर्धा-पाऊण तास. सोबत अंडी, सुकट, फुटाणे, सोयाबीन. महागडा पावडरचा डबा नसला तरी चालतं. इथवर मेंट्झरच्या पोरांशी आमचं जुळतं.

न जुळण्याचं कारण आपल्या रक्तात आहे. विदर्भात सिकलसेल आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत मोठ्या प्रमाणात आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकातच त्याची नोंद केली होती. ‘एएस पॅटर्न’चा माणूस, म्हणजे वाहक, एरवी धडधाकट असतो. आयुष्यभर त्याला कळतही नाही. पण उन्हात, पाणी न पिता, मध्ये दम न खाता अंगातलं शेवटचं बळ काढलं, तर त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या अडवू शकतात. स्नायू तुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. अमेरिकेत २००६ मध्ये डेल लॉइड हा कॉलेजचा फुटबॉलपटू, वाहक होता, तो सरावात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. २०१० पासून तिथल्या मोठ्या विद्यापीठांच्या खेळाडूंची ही तपासणी सुरू झाली.

घाबरून जिम सोडायची नाही. अमेरिकी लष्कराच्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभ्यासात (२०१६) वाहकांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं नाही. पाणी, सावली, विश्रांती यांचे नियम तिथे सक्तीचे होते. स्नायू तुटण्याचा धोका मात्र ५४ टक्के जास्त होता. आणि तंबाखूवाल्यांमध्येही हा धोका तेवढाच वाढलेला निघाला! बेंचखाली खर्ऱ्याची पुडी ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

मागच्या उन्हाळ्यात पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा स्क्वॉट मारता मारता खाली बसला तो उठेचना. गोळा आल्यावर माणूस ओरडतो; हा शुद्धीत होता, बोलत होता, पण मांड्या मऊ पडल्या होत्या आणि पायांत जीव नव्हता. मित्र म्हणाले, नाटक करू नको. रात्री लघवी कोऱ्या चहासारखी झाली तेव्हा घरच्यांनी दवाखाना गाठला. वाचला. त्याचा शाळेतल्या तपासणीचा ‘एएस’ रिपोर्ट आईने पेटीत तळाशी ठेवला होता. सोयरीक मोडेल म्हणून! त्या माउलीला आम्ही दोष देत नाही. रिपोर्ट बघून नाक मुरडणारे आपणच आहोत.

म्हणून वाहकाने दोन सेटांमध्ये तीन-चार मिनिटं थांबावं, पाणी पीत राहावं, ताप किंवा हगवण असेल तर सुट्टी घ्यावी आणि फेल्युअरच्या नादी लागू नये. ‘एसएस’ रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजनाला हात लावू नये. कोणी कोसळलं तर व्यायाम तिथेच थांबवा, सावलीत निजवा, अंग थंड करा, लगेच दवाखान्यात न्या आणि ‘हा एएस आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगा. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल अभियान सुरू आहे.

त्या जिमच्या रजिस्टरमध्ये आता नावापुढे ‘सिकलसेल’ असा रकाना आखला आहे. तो भरायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि रजिस्टर कपाटात कुलपात राहतं. पहिल्या आठवड्यात दोघांनीच रिपोर्ट आणले. बाकीच्यांना घेऊन आम्ही सोमवारी सकाळी मेडिकलला जाणार आहोत. वीस सेटवालेही येतो म्हणालेत.